दोन चौरस मीटरचा मुक्काम

ओसाकातल्या उमेदा स्टेशनाच्या पूर्वेला हांक्यू हिगाशीदोरी नावाची छप्पर घातलेली लांबलचक बाजारगल्ली आहे. दिवसा ती चारचौघींसारखी दिसते, पण संध्याकाळी सातनंतर तिचा नूर पालटतो. काड्यांवर भाजलेल्या कोंबडीचा धूर, कराओकेच्या मजल्यामागून मजले असलेल्या इमारती, पाचिंको या जुगारवजा खेळाच्या दुकानांतला गोळ्यांचा खडखडाट, आणि ऑफिसातून थेट आलेल्या, टाय सैल केलेल्या माणसांचे घोळके. गल्लीला लागूनच दोयामा हा भाग येतो. तिथे रात्रभर चालणाऱ्या छोट्या बारची इतकी दाटी आहे की पाट्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. याच गोंगाटात १ फेब्रुवारी १९७९ रोजी ‘कॅप्सूल इन ओसाका’ हे जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल उघडलं.

कॅप्सूल हॉटेलचे फोटो पाहिले की आपल्याकडे हमखास एक उद्गार येतो : ही तर शवागारातली कपाटं! फोटोत तसंच दिसतं, हे खरं. पण या हॉटेलचं गणित कळलं की त्यातली प्रत्येक विक्षिप्त वाटणारी गोष्ट जागच्या जागी बसते. इथे पैसे पडतात ते एका पलंगाचे; बाकीचं सगळं सामाईक. पुण्यात शिकायला राहिलेल्या कुणालाही ‘कॉट बेसिस’ समजावून सांगावं लागत नाही. तोच व्यवहार एका रात्रीपुरता करा आणि त्याला जपानी टापटीप जोडा, की कॅप्सूल हॉटेल झालं. दाराला कुलूप का नाही, बूट आधीच का काढून घेतात, आंघोळ सगळ्यांसमोर का, दोन रात्रींचे पैसे भरले तरी सकाळी बाहेर का काढतात, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

मुळात ही गरज निर्माण केली रेल्वेने. जपानी शहरांतल्या गाड्या रात्रभर धावत नाहीत. मध्यरात्रीच्या आसपास शेवटची गाडी सुटते आणि पहिली मिळते ती पहाटे पाचच्या सुमाराला. साहेबांबरोबर प्यायला बसणं हा नोकरीचाच भाग असण्याचा तो काळ होता. साहेब उठेपर्यंत उठता येत नसे आणि साहेब उठेपर्यंत गाडी गेलेली असे. घर दूरच्या उपनगरात. टॅक्सीला रात्री जादा भाडं. अशा माणसांचं हक्काचं ठिकाण म्हणजे सौना. गरम पाण्यात डुंबायचं, वाफ घ्यायची आणि तिथल्याच विश्रांतिकक्षातल्या आरामखुर्चीत सकाळपर्यंत पडून राहायचं. उमेदातल्या ‘न्यू जपान’ या सौनाच्या मालकांच्या डोळ्यांसमोर रोज रात्री हेच चालायचं. आडवेतिडवे झोपलेल्या गिऱ्हाइकांना नीट झोपायला जागा दिली तर, हा विचार तिथून आला. म्हणजे आधी न्हाणीघर होतं, हॉटेल त्याच्या पोटातून जन्मलं. आजही बऱ्याच कॅप्सूल हॉटेलांत झोपायच्या जागेपेक्षा आंघोळीची जागा ऐसपैस असते, ती त्यामुळेच.

आराखडा काढायला त्यांनी गाठलं ते किशो कुरोकावा यांना. कुरोकावा हे तेव्हाचं मोठं नाव. १९६० साली तोक्योत काही तरुण वास्तुविशारदांनी ‘मेटाबोलिझम’ नावाची चळवळ उभी केली, त्यातले ते एक. इमारत ही सजीवासारखी असावी, तिच्या पेशी झिजल्या की बदलता याव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७० साली ओसाकात भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी कॅप्सूलची घरं मांडून दाखवली आणि १९७२ मध्ये तोक्योच्या गिन्झा भागात नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. गोल खिडकीच्या १४० कॅप्सूल दोन खांबांना बोल्टने जोडलेल्या. दर पंचवीस वर्षांनी त्या काढून नव्या बसवायच्या होत्या. प्रत्यक्षात एकही कधी बदलली गेली नाही. गळणाऱ्या, गंजणाऱ्या त्या टॉवरचं पाडकाम २०२२ मध्ये सुरू झालं. २३ कॅप्सूल तेवढ्या वाचवल्या, काही संग्रहालयांत गेल्या. वास्तुकलेच्या पुस्तकांत पानंच्या पानं मिळाली ती नाकागिनला. माझ्या मते कुरोकावांची कल्पना खऱ्या अर्थाने चालली ती मात्र दोयामातल्या या सौनावाल्याच्या माडीवर. तिथली कॅप्सूल कारखान्यात साच्यातून निघत होती, ट्रकने येत होती आणि देशभर नकला होण्याइतकी स्वस्त होती. ती बनवणारी कोतोबुकी ही कंपनी सभागृहांच्या आणि स्टेडियमच्या खुर्च्या बनवणारी. माणसाला कमीत कमी जागेत नीट बसवण्याचा अनुभव तिच्या गाठीशी होता, आता त्याला निजवायचं होतं.

आता कायद्याचा भाग. तो कंटाळवाणा वाटेल, पण कुलपाचं कोडं तिथेच सुटतं. जपानचा निवासव्यवसायाचा कायदा १९४८ सालचा. त्यात हॉटेलच्या खोलीला किमान आकार लागतो; २०१८ च्या दुरुस्तीनंतर तो ७ चौरस मीटर आहे, खोलीत पलंग असेल तर ९. कॅप्सूल असते जेमतेम दोन चौरस मीटरची. ती खोली ठरली तर हॉटेलला परवानाच मिळणार नाही. म्हणून ही हॉटेलं ‘साधं निवासस्थान’ या वेगळ्या वर्गात मोडतात, जिथे एका मोठ्या खोलीत अनेकांनी झोपणं गृहीत धरलेलं आहे. कायद्याच्या नजरेत अख्खा मजला ही एक खोली आणि कॅप्सूल हे तिच्यातलं फर्निचर. फर्निचरला कुलूपबंद दार लावलं की त्याची खोली होते. म्हणून तोंडाशी फक्त पडदा किंवा वरून खाली ओढायची चटई असते. आगीच्या दृष्टीनेही तेच सोयीचं, कारण धूर झाला तर आतल्याला कळलं पाहिजे आणि बाहेरच्याला त्याला ओढून काढता आलं पाहिजे. कॅप्सूलचे मजले दोनच असतात, तीन नसतात, यामागेही नियम आहे : एकावर एक पलंग असतील तर वरच्या-खालच्यात साधारण मीटरभर अंतर हवं.

आत शिरल्यावर काय होतं ते आता क्रमाने पाहू.

दारातून आत गेलात की पहिली पायरी चढण्याआधी बूट काढायचे. भिंतीशी पुस्तकाच्या खणांएवढी छोटी कपाटं असतात. बूट त्यात ठेवायचे, किल्ली काढायची आणि ती घेऊन काउंटरवर जायचं. बुटांची किल्ली तुम्ही काउंटरवर सोपवता आणि तिच्या बदल्यात दुसरी किल्ली मिळते, मनगटात घालायच्या रबरी कड्याला अडकवलेली. यात शिस्त आहेच, शिवाय व्यवहारही आहे. बूट त्यांच्या ताब्यात असताना हिशेब न चुकवता कोण पळणार? जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याला पासपोर्ट दाखवावा लागतो आणि त्याची झेरॉक्स ठेवून घेतात. तो कायदाच आहे, त्यात तुमच्यावर संशय नाही.

मनगटातल्या किल्लीवर एक क्रमांक असतो. बहुतेक ठिकाणी कपड्यांच्या लॉकरचा क्रमांक आणि कॅप्सूलचा क्रमांक एकच. लॉकर उंच पण अरुंद असतो, कोट टांगण्यापुरता. त्यात एक टॉवेल, एक पंचा आणि सुती पोशाख ठेवलेला असतो. कुठे तो युकाता, म्हणजे सैल जपानी झगा असतो, कुठे पायजमा-सदरा. अंगावरचे सगळे कपडे लॉकरमध्ये जातात आणि पुढचा सगळा वेळ तुम्ही त्या पोशाखात वावरता. मजा अशी की अर्ध्या तासात सगळा मजला एका गणवेशात येतो आणि कोण बँकेचा मॅनेजर, कोण डिलिव्हरीवाला, हे ओळखता येत नाही. मोठी सूटकेस मात्र लॉकरमध्ये मावत नाही. ती काउंटरजवळ बिल्ला लावून ठेवतात. म्हणून रात्री लागणारं तेवढं, चार्जर, औषधं, चष्म्याची डबी, आधीच एका छोट्या पिशवीत काढून घ्यावं. मध्यरात्री काउंटरवर जाऊन बॅग उघडत बसणं कुणालाच आवडत नाही, झोपलेल्या शेजाऱ्यांना तर नाहीच.

मग आंघोळ. भारतीय पाहुणा अडखळतो तो इथे. पुरुषांचं न्हाणीघर वेगळं, बायकांचं वेगळं, पण आत गेल्यावर अंगावर सूतही ठेवायचं नाही. पोहण्याचा पोशाख किंवा अंडरवेअर चालत नाही. भिंतीला धरून ओळीने कमी उंचीचे नळ असतात, प्रत्येकापुढे प्लॅस्टिकचा छोटा स्टूल, एक वाडगं, एक आरसा, साबण आणि शाम्पू. त्या स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ घासून धुवायचं, साबणाचा फेस पूर्ण घालवायचा, स्टूल पाणी टाकून साफ करायचा आणि मगच मोठ्या हौदात उतरायचं. हौद अंग धुण्यासाठी नसतो, धुतलेलं अंग शेकण्यासाठी असतो. हे न कळून कुणी थेट हौदात उतरला तर आजूबाजूचे लोक काही बोलणार नाहीत, पण एकेक करून बाहेर पडतील. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. लोक त्याची घडी करून डोक्यावर ठेवतात. अंगावर गोंदण असेल तर अनेक ठिकाणी प्रवेश मिळत नाही, कारण तिथे गोंदणाचा संबंध याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेला आहे. आपल्याकडच्या एखाद्याच्या हातावर नुसतं नाव गोंदलेलं असलं तरी आधी विचारून घेतलेलं बरं.

सौना असेल तर तो हौदाच्या बाजूच्या लाकडी खोलीत. भिंतीवर एकच काटा ठळक असलेलं बारा मिनिटांचं घड्याळ, हवा नव्वद अंशांच्या आसपास, आणि बाहेर आलं की थंड पाण्याचा हौद. या दोन टोकांमध्ये ये-जा करण्याची जपानी माणसाला सध्या मोठी हौस आहे. फार प्यायलेल्याला सौनात जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने या नादाला लागू नये.

आंघोळ उरकली की विश्रांतिकक्ष. तिथे मासिकं, कॉमिक्सच्या भिंती, टीव्ही आणि बिअरपासून दुधापर्यंत सगळं देणारी यंत्रं असतात. खाणं, पिणं, फोनवर बोलणं, जे काही आवाजाचं आणि वासाचं असेल ते इथेच. कॅप्सूलमध्ये न्यायची ती पाण्याची बाटली.

आणि आता कॅप्सूल. लांब बोळ, दिवे मंद, दोन्ही बाजूंना वर-खाली अशा दोन ओळी. खालच्या ओळीत गुडघे टेकून शिरायचं, वरच्या ओळीत दोन-तीन पायऱ्यांची शिडी चढून. कॅप्सूल साधारण मीटरभर रुंद, तेवढीच किंवा किंचित जास्त उंच, आणि दोन मीटर लांब. झोपून कूस बदलता येते, मांडी घालून बसता येतं, उभं राहता येत नाही. जुन्या पद्धतीची कॅप्सूल फायबरग्लासच्या अखंड कवचाची असते, रंग सायीसारखा, सगळे कोपरे गोल. गोलाईमुळे डोकं आपटत नाही आणि फडकं एका हाताने फिरतं. उशाकडच्या भिंतीत नियंत्रणाची पट्टी : दिव्याचा उजेड कमीजास्त करायचं बटण, रेडिओ, गजराचं घड्याळ. टीव्हीसुद्धा आत बसवलेला, आडवं पडून पाहता येईल असा तिरका. १९७९ च्या पहिल्या कॅप्सूलमध्येही हे सगळं होतं. तेव्हाच्या माणसाला ती अंतराळयानातली बसण्याची जागा वाटली असेल, आणि कुरोकावांना ती तशीच वाटायला हवी होती. हवेसाठी एक झरोका असतो, त्यातून सतत मंद झोत येतो. गुदमरायला होत नाही. मात्र उन्हाळ्यात वरच्या ओळीत उकडतं, अशी तक्रार ऐकू येते. पडदा ओढला की बोळातला उजेड बंद होतो, आवाज होत नाही.

आवाज हाच या हॉटेलचा खरा प्रश्न. शेजारची व्यक्ती तुमच्यापासून हातभर अंतरावर असते, मधे फायबरग्लासचा पातळ पत्रा. चाळीस-पन्नास पुरुष एका मजल्यावर झोपलेत आणि त्यातले निम्मे पिऊन आलेत म्हटल्यावर घोरण्याची मैफल ठरलेलीच. काउंटरवर कानात घालायचे बोळे मिळतात, ते न लाजता मागा. गजर फोनवर आवाजात लावणं हा इथला सर्वांत मोठा गुन्हा. फोन थरथरण्यावर ठेवून उशीखाली घ्यायचा. प्लॅस्टिकच्या पिशव्या रात्री उघडू नका. पहाटे चार वाजता पिशवीची कुरकुर किती लांब जाते, हे तिथे झोपल्याशिवाय कळत नाही. खालची ओळ आत-बाहेर करायला बरी, पण तिच्यासमोरून रात्रभर पावलं जातात. वरची ओळ त्या मानाने शांत. गुडघे कुरकुरत नसतील तर मी वरची मागेन.

सकाळी दहाच्या आत बाहेर. दोन रात्री राहणार असाल तरी अनेक ठिकाणी दिवसा कॅप्सूल रिकामी करावी लागते, कारण सगळा मजला एकदम झाडून-पुसून चादरी बदलायच्या असतात. सामान काउंटरवर ठेवायचं आणि दुपारी पुन्हा आत यायचं. मनगटातली किल्ली परत केली की बुटांची किल्ली हातात येते.

पुढे या कल्पनेला बरेच धुमारे फुटले. २००९ मध्ये क्योतोत ‘नाइन अवर्स’ सुरू झालं. एक तास आंघोळीला, सात तास झोपेला, एक तास आवरायला, म्हणून नऊ. तिथे सगळं पांढरंशुभ्र, आणि उठवायला गजराऐवजी हळूहळू वाढणारा उजेड. त्याच वर्षी ओसाकाच्या नाम्बा भागात ‘फर्स्ट केबिन’ आलं. तिथली केबिन विमानाच्या पहिल्या वर्गावर बेतलेली, आत उभं राहता येईल इतकी उंच. ती कंपनी एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्याच तडाख्यात, दिवाळखोरीत गेली. २०१५ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरोत ‘बुक अँड बेड’ उघडलं, तिथे पुस्तकांच्या मांडणीच्या मागे झोपायचे कप्पे. उशाशी पुस्तक घेऊन डोळा लागणं एवढीच त्यांची जाहिरात होती. सजावट कितीही बदलली तरी पडदा मात्र पडदाच राहिला.

बायकांना या दुनियेत उशिरा जागा मिळाली. ऐंशीच्या दशकातली बहुतेक कॅप्सूल हॉटेलं फक्त पुरुषांसाठी होती, कारण गिऱ्हाईकच तेवढं धरलं होतं. आता स्त्रियांसाठी वेगळा मजला, कार्डाशिवाय न उघडणारं दार आणि काही ठिकाणी वेगळी लिफ्ट असते. नव्या हॉटेलांत तर ही सोय चांगलीच काटेकोर आहे. पण नवराबायको बरोबर गेले तरी रात्रीपुरती ताटातूट अटळ आहे. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

या धंद्याला एक उदास बाजूही आहे. २००८ नंतरच्या मंदीत नोकरी आणि कंपनीचं घर दोन्ही गेलेली माणसं तोक्योच्या काही कॅप्सूल हॉटेलांत महिनेच्या महिने राहत होती. एका रात्रीच्या सोयीसाठी बनवलेली जागा त्यांच्यासाठी पत्ता झाली. परदेशी प्रवाशाला जी गंमत वाटते, ती बाजूच्या कॅप्सूलमधल्या माणसाची नाइलाजाची सोय असू शकते. बोळात फोटो काढताना हे लक्षात असावं. अनेक हॉटेलांत ‘फोटो काढू नका’ अशी पाटीच असते.

आपल्याकडेही आता हा प्रकार आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर ४८ पॉडचं, म्हणजे कॅप्सूलचं, हॉटेल सुरू झालं, भारतीय रेल्वेतलं हे पहिलं. पहाटेची गाडी पकडायची आहे किंवा रात्री उशिरा उतरून सकाळी कोर्टात, मंत्रालयात काम आहे, अशा माणसाला ते सोयीचं आहे. ओसाकातली मूळ गरजही गाडी चुकलेल्या माणसाचीच होती. फरक एवढाच की आपल्या पॉडला सामूहिक हौदाची जोड नाही, त्यामुळे अर्धी गंमत तिकडेच राहिली.

पैशांचं सांगायचं तर जपानमध्ये साध्या कॅप्सूलला रात्रीचे साधारण तीन ते सहा हजार येन पडतात, म्हणजे येनचा भाव पाहून पावणेदोन ते साडेतीन हजार रुपये धरून चाला. शुक्रवार-शनिवारी दर चढतात आणि मध्यरात्रीनंतर जागाही उरत नाही, तेव्हा नोंदणी आधी करा. बाहेर गल्लीत ‘या, या’ करत मागे लागणाऱ्या दलालांबरोबर कुठल्याही बारमध्ये जाऊ नका, बिल पाहून डोळे पांढरे होतील. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, ज्यांना रात्री तीनदा उठावं लागतं किंवा दुसऱ्याच्या घोरण्याने झोप उडते, त्यांनी सरळ साधं बिझनेस हॉटेल घ्यावं. बाकीच्यांनी एक रात्र जरूर राहावं, एकच, आणि आंघोळीसाठी तासभर राखून ठेवावा.